जोयड्याचं परस वाचताना

जोयड्यातल्या कुणब्याच्या घरामागचं परस पहिल्या नजरेला बाग वाटतच नाही. आखलेले वाफे नाहीत, सरळ ओळ नाही, कडेला फुलझाडांची मांडणी नाही. श्रावणात तिथे उभं राहिलं तर वईच्या आतलं रान कुठे संपतं आणि बाहेरचं कुठे सुरू होतं हे नवख्याला सांगता येत नाही. फणसाच्या खोडावर एक वेल चढलेला असतो, त्याच्या बुडाशी राखेचा करडा थर दिसतो. न्हाणीचं पाणी जिथून वाहतं तिथे छातीएवढ्या उंचीची अळवाची पानं डोलत असतात. हळदीच्या गर्दीत भोपळ्याचा वेल शिरलेला असतो आणि पलीकडे मिरचीची चार रोपं सावली टाळून उभी असतात. इथलं प्रत्येक झाड ज्या जागी आहे त्या जागी असण्याला कारण आहे. ती कारणं एकेक करून उलगडत जाण्यात जो आनंद आहे, तो मला गुलाबांच्या ताटव्यापुढे कधी मिळालेला नाही.

या बागेचा मुख्य ऐवज दिसत नाही. तो जमिनीखाली असतो. वर दिसतात ती फक्त पानं आणि वेल, आणि त्यांच्यावरून खाली काय चाललं आहे ते ओळखायचं असतं. म्हणून इथली बागवाली आधी उत्तम वाचक असते. पान केव्हा गळलं, वेल कुठून पिवळा पडायला लागला, बुडाशी मातीला भेग गेली का, हे तिला वाचता आलं तरच पौषात ताटात काही पडतं. माझ्या मते परसबागेतलं सगळ्यात खोल सुख हेच आहे. फूल तोडण्यापेक्षा, फळ पिकताना बघण्यापेक्षाही हे न दिसणाऱ्या गोष्टीची वाट बघणं मला जास्त रसाळ वाटतं.

जोयडा तालुका उत्तर कन्नड जिल्ह्यात, पश्चिमेला गोवा आणि उत्तरेला खानापूर यांच्या खांद्याला खांदा लावून आहे. काळी नदी इथेच डिग्गीच्या बाजूच्या डोंगरात उगम पावते आणि कारवारला समुद्राला मिळते. तालुक्याचं जुनं नाव सुपा. सुपा गाव काळीवरच्या धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं. 1956 पर्यंत हा सगळा मुलूख मुंबई राज्यात होता. घराघरांत कोंकणी, शाळेत आणि बाजारात कानडी-मराठी, असा भाषांचा सहवास इथे अजूनही आहे. पाऊस दांडगा, गोव्याच्या रेल्वेमार्गावरचं कॅसल रॉक हे कर्नाटकातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक. एवढ्या विस्तीर्ण तालुक्यात माणसं पन्नास हजारांच्या आसपास, बाकी सगळं जंगल. हे जंगल 1956 मध्ये दांडेली अभयारण्य झालं, 1987 मध्ये त्याचा एक भाग अणशी राष्ट्रीय उद्यान झाला, 2007 मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला आणि 2015 पासून त्याला काळी व्याघ्र प्रकल्प म्हणतात.

परसाच्या रसग्रहणात ही सनावळी आणायचं कारण आहे. इथले कुणबी पूर्वी डोंगरउतारावर कुमरी करत. झाडोरा तोडायचा, वाळला की जाळायचा, त्या राखेत नाचणी आणि मिश्र पिकं पेरायची, दोन-तीन वर्षांनी ती जागा सोडून द्यायची. 1883 साली छापलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या कानडा खंडात या कुमरीची चर्चा आहे, आणि इंग्रजांच्या वनखात्याने तिच्यावर कसे निर्बंध आणत नेले तेही आहे. माझा अंदाज असा की डोंगरावरची कुमरी आखडत गेली तसं तिच्यातलं शहाणपण घराच्या पाठीमागे येऊन बसलं. राखेचं महत्त्व, मिश्र लागवड, झाडाचाच मांडव करण्याची रीत, पालापाचोळ्याने जमीन झाकणं, हे सगळं आजच्या परसात आहे, फक्त काही गुंठ्यांत. ही बाग जंगलाची नक्कल आहे, आणि नक्कल करणाऱ्यांनी मूळ वस्तू पिढ्यान्पिढ्या जवळून पाहिलेली आहे.

आता एका बाजूने सुरुवात करू. न्हाणीच्या मोरीपासून.

घरातलं वापरलेलं पाणी जिथे जातं तो परसातला सगळ्यात श्रीमंत कोपरा. वर्षभर ओल असते, त्यामुळे उन्हाळ्यातही हिरवं राहणारी माणसाळलेली झाडं तिथे गोळा होतात. भाजीचं अळू तिथेच, गवती चहाचं थोंब तिथेच, आणि ओलसर सावलीत जमिनीला चिकटून सरपटणारी मंडूकपर्णीही तिथेच. तिला कानडीत ओंदेलग म्हणतात. तिची नाजूक वाटोळी पानं चुरडली तर गाजराच्या पाल्यासारखा कच्चा, थंड वास येतो. तालुक्यातल्या गुंद-उळवीच्या बाजूला हव्यक ब्राह्मणांच्या सुपारीच्या बागा आहेत. त्यांच्या स्वयंपाकघरात या पानांची तंबळी होते. पानं, ओलं खोबरं आणि जिरं बारीक वाटायचं, ताकात कालवायचं, वरून तुपाची फोडणी. शिजवणं जवळजवळ नाहीच. तंबळी मला परसबागेचा सगळ्यात शुद्ध पदार्थ वाटतो, कारण पान तोडल्यापासून ते भातावर येईपर्यंत त्याच्या वासात काही बदलत नाही. उन्हाळ्याच्या दुपारी पहिल्या घासाला कडवटपणा कळतो, तिसऱ्या घासाला तो हवाहवासा होतो.

त्याच कोपऱ्यात, जरा कोरड्या उंचवट्यावर, पानओवा. जाड, लुसलुशीत, मखमली पानं. फांदी तोडून मातीत खुपसली की लागते, इतकं सोपं झाड. वास ओव्याचा, पण ओव्यापेक्षा ओला आणि गोल. हे झाड ओव्याच्या घराण्यातलं नाहीच, तुळस-पुदिन्याच्या घराण्यातलं आहे. त्याच्या तेलात कार्वाक्रॉल नावाचं द्रव्य भरपूर असतं, आणि इटलीतल्या लोकांना ज्याच्याशिवाय चालत नाही त्या ओरेगॅनोच्या वासातही तेच द्रव्य असतं. भूमध्य समुद्राकाठच्या बागेत आणि काळीच्या खोऱ्यातल्या न्हाणीजवळ एकच गंध दोन वेगळ्या झाडांत वसतीला आहे. सर्दी झालेल्या पोराला पानओव्याचा रस पाजायचा आणि त्याच पानांची भजी तळायची, ही दोन्ही कामं एकाच फांदीवर भागतात.

हळद मात्र थोडा वेळ थांबून पाहावी. बहुतेक लोक हळद म्हटलं की गाठ्याचा विचार करतात. परसात हळद आधी पानासाठी असते. श्रावण-भाद्रपदात तिचं पान लांब, रुंद आणि लवचीक झालेलं असतं, नेमक्या त्याच वेळी नागपंचमी आणि चतुर्थी येते. तांदळाच्या पिठाचा थर, त्यावर गूळ-खोबरं, पान दुमडून वाफेवर. पातोळ्यांना वास लागतो तो पानाचा. त्यात हळदीची ओळखीची मातकट चव नसते, काहीसा लिंबाकडे आणि आंब्याच्या डिंकाकडे झुकणारा ताजा गंध असतो. मग पान आपलं काम करून वाळत जातं आणि माघापर्यंत खाली गाठा भरलेला असतो. एकाच झाडाचे दोन ऋतू, दोन वेगळे रस. पुण्या-मुंबईच्या गॅलरीत कुंडीभर हळद लावली आणि गाठा कधीच काढला नाही, तरी त्या पानांसाठी ती लावण्यासारखी आहे.

आता वेलांकडे. इथे खरी परीक्षा सुरू होते.

फणसावर, आंब्यावर, कधी मुद्दाम रोवलेल्या बांबूवर तीन वेल चढलेले असतात आणि तिन्हींची पानं हृदयाच्या आकाराची. लांबून बघणाऱ्याला सगळे सारखेच. जवळ जाऊन देठ बोटांत धरावा. कोनाचा वेल गोल लागत नाही, चौकोनी लागतो, आणि चारही कडांना पातळ झालरीसारखे पंख असतात. त्याची पानं समोरासमोर जोडीने येतात. कोन म्हणजे आपण बाजारात ज्याला कोनफळ म्हणतो तो. दुसरा वेल कणगीचा. त्याचं खोड गोल, बुडाजवळ काटेरी, पानं एकाआड एक. तिसरा करांद्याचा, पानं मोठी, तुकतुकीत, शिरा खोल उमटलेल्या, आणि भाद्रपदानंतर त्याच्या पानांच्या बगलेत करड्या रंगाचे, बटाट्यासारखे कंद हवेतच लोंबायला लागतात. आणखी एक खूण आहे, ती मला सगळ्यात आवडते. कोनाचा वेल आधाराला ज्या दिशेने वेढे घालतो, कणगी आणि करांदा त्याच्या उलट दिशेने घालतात. परसातल्या बाईला ही खूण शिकवावी लागत नाही. संध्याकाळी अंधारात हात लावून ती वेल सांगते.

या वेलांची लागवड पावसाच्या आधी होते. कोनाला बटाट्यासारखे डोळे नसतात. साल असलेला कुठलाही तुकडा कोंब धरू शकतो, पण वेलाला जिथे चिकटलेला होता तो डोक्याचा भाग सगळ्यांत लवकर फुटतो. काढणीनंतर कोन दोन-अडीच महिने गाढ झोपतो. त्या काळात पाणी दिलं काय, माती दिली काय, तो हलत नाही. आणि चैत्र-वैशाखात, थेंबभर पाणी नसताना, माळ्यावर टांगलेल्या कोनातून जांभळसर कोंब आपोआप बाहेर येतो. त्याला पावसाची चाहूल कुठून लागते कोण जाणे, पण लागते. मग खड्डा खोदायचा, खोल आणि मऊ, त्यात सुका पाला, शेणखत, चुलीतली राख. राखेत पोटॅश असतं आणि कंदांना पोटॅश आवडतं, हे शास्त्र नंतर आलं. राख टाकण्याची रीत आधीपासूनची. वर मातीची उंच टेकडी करायची, कारण इतक्या पावसात सपाट जागी लावलेला कंद कुजतो. टेकडीवर पुन्हा पाल्याचं पांघरूण. त्यानंतर आठ-नऊ महिने काही करायचं नसतं. तण काढणं थोडं, वेलाला वाट दाखवणं थोडं. बाकी वाट पाहणं.

मार्गशीर्षात पानं पिवळी पडायला लागतात. एक पान पिवळं झालं म्हणून कुदळ घेऊन धावत नाहीत. वेल शेंड्याकडून वाळत बुडाशी येतो, बुड सुकतं, मगच पहार घालायची, आणि तीही वेलापासून हातभर लांबून. कोन सरळ खाली जातो, कधी कधी फाटे फुटून हाताच्या पंजासारखा पसरतो. घाईने ओढला तर मध्येच मोडतो आणि मोडलेला टिकत नाही. म्हणून शेवटचा भाग हातानेच. माती बोटांनी उकरत जायचं, कंदाचा आकार आधी बोटांना कळतो, मग डोळ्यांना. कुठे दगड होता, कुठे मूळ आडवं आलं, कुठे माती सैल मिळाली, हे सगळं त्या कंदाच्या वळणांत उतरलेलं असतं. दोन कोन एकसारखे कधी निघत नाहीत. बाजारातल्या बटाट्यांच्या एकसुरी ढिगाची सवय झालेल्या डोळ्यांना हा फरकच मोठा आनंद देतो.

जोयड्याची ओळख मात्र मुडलीने आहे. मुडली अळवाच्याच कुळातली, पण आपण ज्या अळकुड्या खातो त्या तिच्यापुढे लेकरं. तिचा मुख्य कंदच मोठा होतो, लांबट, जाड, अंगावर पानांच्या देठांच्या गोल वलयांच्या खुणा, आणि वजन काही किलोंवर जातं. ती उचलायला दोन हात लागतात. कुणबी घरांत ती भाजी म्हणून, उकडून, कधी भाताला जोड म्हणून खाल्ली जाते. पूर्वीच्या टंचाईच्या महिन्यांत तर अशा कंदांवरच घर तरून जाई.

मुडलीची चव सांगायची तर आधी तिची खाज सांगितली पाहिजे. अळवाच्या सगळ्याच कुळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. कच्चं तोंडात गेलं तर ते जिभेला आणि घशाला टोचतात. भरपूर शिजवणं आणि सोबत आंबट असणं, हा पिढ्यांनी काढलेला उपाय. इथे आंबट म्हणजे भिरंड, म्हणजे आपलं कोकम, तेही बहुधा वईपाशीच उभ्या असलेल्या झाडाचं. नीट शिजलेली मुडली बोटांनी दाबली की भुगा होते. तिच्यात बटाट्याचा ओलसर गुळगुळीतपणा नाही, रताळ्याची गोडी नाही. ती पिठूळ आहे, कोरडी आहे, आणि त्या कोरडेपणामागून अगदी उशिरा भाजलेल्या शेंगदाण्याच्या जवळ जाणारी एक चव येते. मीठ आणि ओल्या मिरचीचा खर्डा याशिवाय तिला काही लावू नये. वरून तेल ओतणारे लोक ती चव यायच्या आत तोंड भरून टाकतात.

कोनाचा रस वेगळा. सोलताना तो बुळबुळीत लागतो, हातात धरवत नाही. तो बुळबुळीतपणा शिजल्यावर एका रेशमी सांद्रतेत बदलतो. पांढरा कोन जरा पिठाळ, जांभळा जरा गोडसर. जांभळ्या कोनाचा रंग अँथोसायनिनचा, तोच जांभळातला आणि कोकमाच्या सालीतला. त्यामुळे त्याच्यावर कोकमाचं आगळ पडलं की जांभळा गुलाबीकडे सरकतो, ताटातल्या ताटात. सुरतेकडे याच कोनफळाच्या कापांची भजी-पुरी होते आणि उंधियोत तो जातो. फिलिपाइन्समध्ये त्याचं आइस्क्रीम करतात आणि त्याला उबे म्हणतात. आपल्याकडे एकादशीच्या फराळात तो येतो आणि बिचारा साबुदाण्याच्या सावलीत राहतो. त्याची थोरवी उकडलेल्या, न सजवलेल्या फोडीत आहे, असं मला ठामपणे वाटतं.

आणि करांदा. करांदा प्रत्येकाला आवडत नाही, आणि ज्यांना आवडतो ते त्याच्यावरून भांडतात. निखाऱ्यात भाजलेला, साल काढलेला, आतून पिवळसर. पहिल्यांदा चव कडू आहे की नाही तेच समजत नाही, मग कडवटपणा टाळूवर बसतो आणि त्याच्या मागून एक गुळमट चव येते. रानटी करांदे फार कडू असतात, ते राखेच्या पाण्यात उकडून, काप करून धुवून घेतात. परसातले करांदे पिढ्यान्पिढ्या निवडून सौम्य केलेले असतात. तरी त्यातला थोडा कडूपणा राहू देणारी ती निवड मला फार सुजाण वाटते. पूर्ण गोड झालेला करांदा म्हणजे चांगला बटाटा, त्याहून जास्त काही नाही.

कणगीबद्दल एकच गोष्ट, पण ती महत्त्वाची. कणगीचे कंद लहान, पातळ सालीचे, झुपक्याने लागतात. सालासकट उकडून खायचे, गोडसर आणि मऊ. या मऊ, गोड कंदांवर रानडुकराचा डोळा असणार हे उघड आहे, आणि जोयड्यात रानडुक्कर परसाच्या वईपर्यंत येतोच. कणगीने त्यावर स्वतःचा बंदोबस्त केलेला आहे. तिच्या काटेकणगी या प्रकारात बुडाभोवती जमिनीतच काटेरी मुळांचं जाळं तयार होतं. कंद त्या जाळ्याखाली सुरक्षित. जंगलाशेजारी राहणाऱ्या माणसांनी हा प्रकार का जपला ते वेगळं सांगायला नको.

सुरण, रताळी, मिरीचे वेल, केळी, पपई, वालाचे मांडव, मिरच्या, हे सगळं असतंच. त्यांच्यावर थांबत नाही. फक्त तवशाचं सांगतो. पावसाळ्यात छपरावर चढवलेल्या वेलाची ही मोठी काकडी, पिकली की पिवळी-तपकिरी होते आणि घरात आढ्याला टांगून महिनोन्‌महिने टिकते. तिच्या किसाची, तांदळाच्या रव्याची आणि गुळाची तवसळी हळदीच्या पानावर भाजली जाते. म्हणजे छपरावरचं फळ आणि न्हाणीजवळचं पान एकत्र येतात. रताळी, अननस, पपई, मिरची ही अमेरिकेतली पाहुणी; पोर्तुगिजांच्या जहाजांतून गोव्यात उतरली आणि घाट चढून इथवर आली. अळू, कोन आणि हळद त्यांच्या कितीतरी आधीपासून इथे आहेत. आज एका परसात ही सगळी शेजारी म्हणून नांदतात आणि कोणाला कोणाचं मूळ गाव आठवत नाही.

गोवा-कारवारकडचं खतखतं हा या सगळ्या वाचनाचा एकत्रित अर्थ म्हणता येईल. सुरण, कणगी, कोन, रताळी, केळं, भोपळा, तूरडाळ, ओलं खोबरं, कोकम आणि शेवटी चार तिरफळं. तिरफळ फक्त ठेचून टाकायचं, चावायचं नाही. चीनच्या सिचुआन मिरीचं हे जवळचं नातेवाईक, जिभेवर तीच झिणझिणी आणतं. इतके पिठूळ कंद एका भांड्यात आले की पदार्थ जड आणि एकसुरी व्हायला हवा. तिरफळाची झिणझिणी आणि कोकमाचा आंबटपणा त्या पिठूळपणाला जागं ठेवतात. प्रत्येक कंद वेगळ्या वेळी शिजतो, म्हणून कोण आधी घालायचा, कोण शेवटी, हे ज्याला कळलं त्याने परस वाचलं.

जानेवारीच्या सुमाराला जोयड्यात कंदांचा मेळा भरतो. कानडीत त्याला गेड्डे-गेणसू मेळा म्हणतात. तालुक्यातल्या कुणबी बाया आपापल्या परसातले कंद घेऊन येतात, मुडल्या आणि कोन मांडून ठेवतात, विकतात, बियाण्याची देवाणघेवाण करतात. देशी बियाण्यांसाठी काम करणाऱ्या ‘सहज समृद्ध’ या बंगळुरूच्या संस्थेने या कंदांकडे बाहेरच्या लोकांचं लक्ष वेधलं आहे. तिथे एकाच जातीचे कंद शेजारी-शेजारी ठेवलेले असतात तेव्हा बघणारे वजन बघतात, पण मांडणाऱ्या बाया आकार आणि साल बघतात. मानवशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्कीने पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियांड बेटांवरच्या कोनांच्या बागांवर 1935 साली दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. तिथले लोक काढलेले कोन रचून, मिरवून, सगळ्यांना दिसतील असे ठेवतात. इतक्या दूरच्या दोन समाजांत कंदाकडे दागिना म्हणून बघण्याची तीच नजर असावी, याचा मला मनापासून आनंद होतो. केरळात तिरुवनंतपुरमला 1963 पासून कंदपिकांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. तिथे कंदांचे वाण जपले जातात. पण वाण जपणं एक आणि चव जपणं दुसरं. चव प्रयोगशाळेत साठत नाही, ती कुणीतरी दरवर्षी लावून, काढून, शिजवून, खाऊनच टिकते.

मला काळजी वाटते ती इथेच. डुकरं आणि माकडं नासाडी करतात, पोरं गोव्यात कामाला जातात, हे सगळं खरं आहे आणि त्यावर लोक बोलतात. ज्यावर कोणी बोलत नाही ती गोष्ट म्हणजे बाजाराची आवड. मेळ्याला आलेलं शहरी गिऱ्हाईक मोठी मुडली आणि जांभळा कोन मागतं. करड्या सालीचा करांदा, बारकी कणगी, पांढरा कोन मागे राहतात. मागणी नसलेलं झाड परसात एक-दोन वर्षं टिकतं, मग त्याची जागा दुसरं घेतं. म्हणून मेळ्याला जाणाऱ्या मराठी माणसाला माझी आग्रहाची विनंती आहे: मोठी मुडली घ्याच, पण शेजारच्या बाईकडचे करांदेही घ्या, आणि ते कसे शिजवायचे हे तिलाच विचारा. ती सांगेल ते ऐकण्यासारखं असतं.

आणि घरी परत आल्यावर. ज्यांच्याकडे जमीन नाही, त्यांनाही कोन लावता येतो. जाड पोतं किंवा मोठा ड्रम, बुडाला भोकं, अर्धा सुका पाला आणि शेणखत मिसळलेली माती, गॅलरीच्या गजाला बांधलेली दोरी. पौषात आणलेल्या कोनाचं डोकं, साधारण मूठभर तुकडा, कापून राखेत घोळवायचं आणि सावलीत ठेवायचं. चैत्रात कोंब दिसला की लावायचं, कोंब वरच्या बाजूला. वैशाखात पाणी बेताने, पावसाळ्यात पाणी साचू द्यायचं नाही. श्रावणात गॅलरी चौकोनी वेलाने आणि हृदयाकृती पानांनी भरून जाईल आणि शेजारी विचारतील हे कुठलं मनीप्लँट. मार्गशीर्षात पानं वाळतील. वेल पूर्ण सुकेपर्यंत थांबायचं. पहिल्या वर्षी कंद लहानच निघतो. तरी त्यातलाही डोक्याचा तुकडा आधी बाजूला काढायचा आणि मग उरलेला उकडायला ठेवायचा.